उपाशी ठेवलेला पट्टा

बिरू गेला.

आज सकाळी, मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये. त्याच्या मुलीनं, सुजातानं, फोन करून सांगितलं. आवाज स्थिर होता. बापाच्या वळणावर गेलीय.

सत्तरच्या दशकात सांगलीच्या कॉलेजात आम्ही दोघे बी.एस्सी.ला होतो. होस्टेलवर एकाच खोलीत. मी आष्ट्याचा, घरी बागायत. तो आटपाडीकडचा, घरी मेंढरं.

ओळख मात्र त्याआधीची. दिवाळी झाली की त्याच्या बापाची मेंढरं आमच्या रानात बसायला यायची. मेंढरं रात्रभर बसली की रानाला खत मिळायचं, आणि आम्ही त्यांना धान्य द्यायचो. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

मग युरियाची पोती आली. गावात एकेक जण म्हणायला लागला, आता मेंढरं कशाला?

बिरू वर्गात फारसा चमकणारा नव्हता. पाठांतराचा त्याला कंटाळा. "इंग्रजीत घोकलं म्हंजे अभ्यास झाला व्हय रं?" म्हणायचा. "आन रिसर्च म्हटलं की सगळी परदेशाकडं बघत्यात. आपल्या रानात कुनी बघायचं?"

शेवटच्या वर्षी त्यानं रानात बघायचं ठरवलं.

आमच्या विहिरीजवळचा एक तुकडा मागून घेतला. गव्हाचे तीन पट्टे. एकावर बापाची मेंढरं बसवलेली, दुसऱ्याला युरिया, तिसऱ्याला काहीच नाही.

मी विचारलं, "आणि पोतं जिंकलं तर?"

"तर बाला तसं सांगायचं."

"तुमच्या पोटावर येईल की रं."

"म्हनून तर खरं कळाय पायजे, गड्या. खोट्यावर किती दिवस मेंढरं बसवू?"

आमच्या प्राध्यापकांना कल्पना आवडली. निबंध नीट झाला तर पुण्याला विद्यार्थ्यांच्या विज्ञान संमेलनात मांडायला पाठवतो म्हणाले. तिथं कुणाच्या नजरेत भरला असता, तर पुढच्या शिक्षणाची वाट उघडली असती. बिरूच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं.

थंडीत आम्ही सायकलींवरून आष्ट्याला गेलो. रानात पोचलो आणि बिरू बांधावरच थांबला.

तिसरा पट्टा हिरवागार होता.

माझी आई विहिरीवर होती. बिरूनं विचारलं, "काकी, ह्या पट्ट्याला काय घातलं?"

आई जरा बिचकली. मग म्हणाली, "आरं, दोघांना जेवाय वाढायचं आन तिसऱ्याला पंगतीत बसवून उपाशी ठेवायचं? लय पिवळा पडला हुता. माझ्यानं बघवंना. पोत्यात उरलेलं दोन ओंजळी टाकलं."

मी आईवर ओरडलो. "तुला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना!"

बिरू बांधावर बसला. मग मलाच म्हणाला, "वरडू नगंस. चूक काकींची न्हाई. मी हात लावू नका एवढंच सांगितलं. का ते सांगितलंच न्हाई."

प्राध्यापक म्हणाले, तिसऱ्या पट्ट्याचा अंदाजे आकडा लिही, कोण बघायला येतंय? बिरूनं नाही लिहिला. पुण्याला दुसराच मुलगा गेला.

आम्ही त्याला वेड्यात काढलं. तो हसायचा. एकदाच बोलला, "काकींच्या दयेला मी खोट्या आकड्यात दाबून टाकू व्हय?"

पुढच्या दिवाळीला तो पुन्हा आला. परीक्षा होऊन गेली होती, आता निबंध कुणालाच द्यायचा नव्हता. पेरणीआधी आईला बांधावर बसवून त्यानं सगळं समजावलं. आईनं शंका काढल्या. त्यानं उत्तरं दिली. शेवटी आई म्हणाली, "म्हंजे त्यो तिसरा साक्षीदार हाय म्हन की."

त्या हिवाळ्यात आई त्या पिवळ्या पट्ट्याची राखणदार झाली. येणारा-जाणारा विचारायचा, "आवं, ह्याला का आसा मारलाय?"

"मुद्दाम उपाशी ठेवलाय. त्यो उपाशी हाय म्हनून बाकीच्या दोघांनी काय खाल्लं ते कळतंय."

त्या साली युरियाचा पट्टा पुढे गेला. थोडाच, पण गेला.

बिरूनं ते बापाला आमच्या अंगणात सांगितलं. बापानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "का?"

बिरू खुलला. जेवण गार होईपर्यंत सांगत होता. निकाल त्याच्या घराच्या विरोधात होता, पण इतक्या आनंदात मी त्याला नंतर कधी पाहिलं नाही.

पुढे तो आटपाडीकडंच हायस्कूलला विज्ञानाचा मास्तर झाला. मी साताऱ्याला वृत्तपत्रात लागलो. माझी बातमी वाचून त्याचं पोस्टकार्ड यायचं, नंतर फोन. "कोन, कुठं, कवा, समदं हाय. का, ते कुठाय?"

सकाळी सुजाता म्हणाली, "काका, पप्पांनी देहदान केलंय. मला आत्याची भीती होती."

आत्या म्हणजे बिरूची थोरली बहीण, आक्का. ऐंशीच्या पुढची. मेंढरांमागं आयुष्य गेलेली.

"मग?"

"इथं हॉस्पिटलात नातेवाईक म्हणत होते, अग्नी न्हाई, राख न्हाई, हे कसलं? तर आत्याच उठली. म्हणाली, मला त्यानं समोर बसवून सांगितलंय. डाक्टर व्हनारी पोरं मानसावर शिकत्यात. मास्तरच हाय त्यो, आजून थोडं शिकवायचं ऱ्हायलंय त्याचं."



आटपाडीहून माणसं निघालीत. मीही निघतोय. दुपारी बिरूला मिरजेच्या मेडिकल कॉलेजच्या ताब्यात देतील. काही दिवसांनी एखाद्या वर्गातली पोरं त्याच्याभोवती उभी राहतील.

जा बिरू.

का ते सांगून गेलास. कळलं आम्हाला.