मिठागरावरच्या गाडीचा टायर

जी चूक मी पंधरा वर्षे कोणालाही कळू दिली नाही, ती आधी सांगून टाकतो. ओला टायर मी कोरडा म्हणून दिला, आणि देताना तो ओला असल्याचे मला ठाऊक होते.

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. नवा टायर मिळणे मुश्कील, म्हणून पनवेलला रस्त्यालगतच्या आमच्या कारखान्यात जुन्या टायरांवर नवे रबर चढवण्याचे काम जोरात चाले. मी तिथला मुख्य कारागीर, वय पस्तिशीचे. टायर म्हणजे रबर, अशी लोकांची समजूत असते. भार खरा पेलतात ते आतले सुती दोऱ्यांचे आडवेतिडवे थर. पूर्वीच्या भरीव रबरी चाकांत हवाच नसे, त्यामुळे फुटण्याचे भयही नसे. हवा आली आणि सारा भरवसा दोऱ्यांवर येऊन पडला. आम्ही झिजलेले रबर खरवडून, चिकटवण्याचे सोल्यूशन लावून कच्च्या रबराचा पट्टा बसवायचो आणि वाफेच्या साच्यात शिजवायचो. मात्र मिठागरावरच्या गाडीचा टायर दोन दिवस उन्हात ठेवल्याखेरीज त्याला हात लावायचा नाही, हा आमचा दंडक होता. खारे पाणी चिरांतून दोऱ्यांत मुरते. साच्यात त्याची वाफ होते आणि थर सुटतात.

पुण्याला मीठ नेणाऱ्या एका ड्रायव्हरचा टायर मी शेडमागे सावलीतच विसरलो. तिसऱ्या दिवशी आठवले तेव्हा साचा तापला होता, आणि मालकांसमोर ‘विसरलो’ म्हणण्याची लाज वाटली. मी रबर चढवले. निवल्यावर हातोडीने ठोकून पाहिले. सगळीकडे खणखणीत, वीतभर जागेत मात्र बद्द. पुन्हा ठोकले. बद्दच. म्हणजे आत थर सुटले होते.

दुपारी ड्रायव्हर आला. “काय मिस्त्री, शिवली का आमची चप्पल?”

“झाली.”

“दोन दिस ऊन दाखवलंत ना?”

“दाखवलं की.”

“बेस. पुढचा टायर गेलाय. हा पुढंच घालतो.”

पुढचे चाक फुटले तर स्टिअरिंग हातात राहत नाही. “भाई, मागं घाला. पुढं नको.”

“का? तुमचाच तुमच्या हातावर यकीन नाय काय?” मग मालकांकडे वळून, “शेट, तुमचा मिस्त्री घाबरलाय!”

सगळे हसले. मीही हसलो. गाडी निघून गेली.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले, ते शब्दांत मांडणे कठीण आहे. ट्रकचा आवाज आला की हात थांबत. घास तोंडात फिरे. घाटातली वळणे मला पाठ होती, आणि प्रत्येक वळणावर तो टायर मी मनात फोडून पाहत होतो. गाडी नुकतीच निघाली होती तेव्हा घाटाआधी शेडुंगला चहासाठी थांबते तिथे तरी सायकलने गाठता आली असती. गेलो नाही. भीती त्याच्या जिवाची होती, तशीच माझ्या नावाचीही होती. त्यांतली मोठी कोणती, हे आजही मला प्रामाणिकपणे सांगवत नाही.

तिसऱ्या दिवशी मिठाच्याच दुसऱ्या गाडीवाल्याने बातमी आणली. “रबर सालीसारखं सुटलं. गाडी डोंगराच्या अंगाला गेली म्हणून वाचला. दरीकडं गेली असती तर मीठबी मिळालं नसतं.” ड्रायव्हरचा उजवा हात कोपरात मोडला होता. तो पुन्हा सरळ झाला नाही. गाडी चालवणे सुटले, मिठाच्या वखारीवर तो देखरेखीला बसू लागला. भेटला की म्हणे, “चूक माझीच, मिस्त्री. तुम्ही मागं घाला म्हणाला होतात.” माझ्या त्या अर्धवट शब्दाचे त्याने पुण्य करून ठेवले होते, आणि ते मी दरवेळी मुकाट्याने घेत राहिलो.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. नवा जावई आला होता. माझ्याकडे बोट दाखवून ड्रायव्हर जावयाला म्हणाला, “यांचं ऐकलं असतं, तर हा हात वाकडा नसता झाला. मोठा जाणता माणूस हाय.”

जावई आदराने उठून उभा राहिला. तो आदर मला सोसवेना. मी ड्रायव्हरकडे वळून बोललो.

“भाई, चूक तुमची नव्हती. टायर मी वाळवलाच नव्हता. तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडावर खोटं बोललो, आणि इतकी वर्षं दोष तुमच्या माथी राहू दिला. मला माफ करा.”