रॅकवर उरलेला जोड

चहा संपला. सगळ्यांनी उठून चपला घातल्या आणि रॅकवर एक जोड उरला.

असल्या गोष्टी मला फार आवडतात. पण सांगायला, घडताना नाही. मी सुरतेत, बमरोलीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये मेंटेनन्स बघतो. प्रोसेस हाउस म्हणजे कापड धुवून रंगवणारी मिल. तिथला ड्रम वॉशर म्हणजे तुमच्या वॉशिंग मशीनचा राक्षस भाऊ समजा. पोटात कप्पे, प्रत्येकात माणूस मावेल एवढे. मागचे तर दारातून दिसतही नाहीत. दुरुस्तीला आत शिरणारा चपला दाराशी काढतो, देवळात काढाव्या तशा. दाराशी चपला, म्हणजे आत माणूस. आमची सेफ्टी सिस्टीम एवढीच.

त्या दिवशी पार्टी येणार होती, म्हणजे मोठं गिऱ्हाईक. छोट्या शेठनी फरशी धुवून घेतली आणि फर्मान काढलं, "सब चप्पल रॅक पे! वायर-बियर लपेटो!"

उरलेल्या जोडाचा डावा पट्टा तांब्याच्या तारेनं बांधला होता. आमच्या फिटरची खूण.

"भिलाभाऊ कुठाय?" मी विचारलं.

"बिडीला गेला असेल," ऑपरेटर रमेशभाई म्हणाला. "ड्रममध्ये हाक मारली, जवाब नाही. दार लावलं."

"बिडीला? अनवाणी?"

रमेशभाईचं बोट हिरव्या बटणापाशी होतं. तिथंच थिजलं.

"साहेब, पार्टी गेटवर आली!" छोटे शेठ ओरडले. "चालू करो ने!"

मी मेन स्विच पाडला. खात्यात शांतता पसरली. आणि ड्रमच्या पोटातून आवाज आला. खर्र... नखानं पत्रा ओरखडावा तसा.

छोटे शेठ चार पावलं मागे सरले. रमेशभाई देवाचं नाव घेऊ लागला.

दार उघडलं. टॉर्च मारला. पहिला कप्पा रिकामा. दुसरा रिकामा. आत डोकं घालून मागे बघितलं, तर उजेडात फक्त एक तळवा. पांढराफटक.

हुकुमाबरहुकूम कोणीतरी हँडलॅम्पची वायरही उपटून गुंडाळली होती. भिलाभाऊ अंधारात बाहेर यायला गेला आणि पत्र्याच्या कडेवर डोकं आपटलं. बाहेर काढल्यावर रक्तानं माखलेले डोळे उघडून भिलाभाऊ पहिलं काय बोलला?

"मन्या चपला कोठे शेतस?" त्याची अहिराणी, म्हणजे माझ्या चपला कुठायत?

टाके पडले, माणूस वाचला. आता आत जाणारा मेन स्विचला आपलं कुलूप लावतो, किल्ली खिशात. ते कुलूप प्रत्येक नव्या माणसाला शिकवावं लागतं. चपलांचं मात्र कुणाला शिकवावं लागत नाही. दाराशी जोड दिसला की छोटे शेठसुद्धा वळसा घालून जातात.