आमच्या घरची एक मूठ

पुढच्या वर्षी मी बोलेन, असं मी मोठ्या मुलीला म्हणाले, तीच माझी चूक. खरंच बोलायचं म्हणून काही मी तसं म्हणाले नव्हते. ती स्वयंपाकघरात येऊन रडत होती, ओसरीवर सगळे भाऊबंद बसले होते, तिचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून म्हणाले. मुलांना गप्प करायला आपण काहीही म्हणतो. पण ही गेल्या वर्षापासून जळगावला वसतिगृहात राहते, आता बारावीला आहे. वर्षभर दर फोनला विचारायची, "आई, लक्षात आहे ना?" मी म्हणायची, आहे. जेवलीस का ते सांग.

गोष्ट कानबाईच्या रोटांची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या पोळ्या म्हणजे रोट. त्यांचा गहू असा पोत्यातून ओतून घेत नाहीत. भाऊबंदकीत जितके पुरुष तितक्या मुठी. प्रत्येकाची सव्वा मूठ, म्हणजे एक भरून आणि वर थोडी. आमची भाऊबंदकी चार घरांची. थोरल्या दिरांना सगळे आबा म्हणतात, कानबाई त्यांच्याच घरी बसते. ते सूप पुढे घेऊन बसतात, एकेक जण येऊन आपल्या हाताने मूठ टाकतो आणि आबा मोठ्याने आकडा म्हणतात. आबांच्या घरच्या पाच, मधल्या दिरांच्या चार, धाकट्यांच्या तीन. आमची एक. आमची म्हणजे माझ्या नवऱ्याची. मला दोन मुली.

मधले दीर आमच्या घराला एकमुठी घर म्हणतात. वाईट मनाने म्हणत नाहीत. पण एकोणीस वर्षं एकच चेष्टा ऐकली की ती कुठल्या मनाने केली याने फरक पडत नाही.

गेल्या वर्षी धाकट्या जावेचा मुलगा सहा महिन्यांचा होता. त्याची पहिली मूठ. तो कोणाकडे राहीना, फक्त माझ्या मोठीकडे राहायचा. म्हणून तीच त्याला मांडीवर घेऊन आबांसमोर बसली. आबांनी त्याची इवलीशी मूठ उघडली, गव्हाला लावली, राहिलेला गहू स्वतः भरला आणि म्हणाले, "बारा." सगळे हसले, कोणी फोटो काढला. फोटोत ती बरोबर मधोमध आहे. मग माझ्या नवऱ्याने मूठ टाकली, आबा "तेरा" म्हणाले आणि सूप उचललं. पोरगी बाळाला त्याच्या आईकडे देऊन तडक आत आली.

"ज्याला मी धरून बसले होते तो मोजला. मी नाही."

मी म्हटलं, रीत आहे.

"लग्न झाल्यावर मुलीला माहेरचे रोट चालत नाहीत. लग्नाआधी तिची मूठ घेत नाहीत. मग इतकी वर्षं मी कोणाच्या मुठीतलं खाते?"

तिचा आवाज चढत चालला होता. म्हणून तो शब्द दिला.

त्या वर्षात मी काय काय केलं ते आठवलं की अजून चिडचिड होते. नवऱ्याला पहिल्या महिन्यातच सांगितलं. तो एरंडोलला कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. स्वभावाने गरीब. म्हणाला, "बरोबर आहे पोरीचं." मी म्हटलं, मग आबांशी तुम्ही बोला, तुमचे भाऊ आहेत. म्हणाला, "बोलू. हळूहळू होईल." पोळ्याला विचारलं तर हळूहळू, दिवाळीला विचारलं तर हळूहळू. त्याच्या मोबाईलवर मात्र लेकीचं कौतुक करणारी चित्रं रोज सकाळी लागलेली असायची. मी म्हटलं, हे आबांना दाखवा. म्हणाला, आबा मोबाईल बघत नाहीत.

मग धाकटी जाऊ. तिला या बाळाआधीची आठ वर्षांची मुलगी आहे. एकदा विहिरीवर वीज येऊन मोटार चालू व्हायची वाट बघत बसलो होतो तेव्हा तिला सांगितलं. तिने माझा हातच धरला. "खरं शे अक्का. तू बोल. मी शे ना तुना मांगे." मला फार बरं वाटलं. मग थोड्या वेळाने मनात आलं की सगळे मागेच आहेत. नवरा मागे, जाऊ मागे. पुढे कोण, तर मी, जी गेल्या एकोणीस वर्षांत आबांशी एक शब्द सरळ बोललेली नाही. चहा ठेवला तरी दारात उभं राहून मुलीकरवी सांगते.

त्यात बचत गटाचं शिबिर आलं. तालुक्याला दोन दिवस. विषय होता स्वतःचा विकास आणि समाजात बदल. मॅडम चांगल्या होत्या, हसून बोलायच्या. शिक्षण विचारलं तेव्हा मी चौथी सांगितलं तर म्हणाल्या, "चौथी म्हणजे कमी नाही हं." कमी नाही तर मग विचारलं कशाला. त्यांनी प्रत्येकीला कागद दिला आणि लिहायला सांगितलं की तुम्हाला कोणती एक गोष्ट बदलायची आहे. बाकीच्यांनी व्यसन, स्वच्छता असं लिहिलं. मी लिहिलं, माझ्या मुलींची मूठ रोटात घ्यावी.

मॅडम नाशिककडच्या. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "रोट म्हणजे काय?" झालं. चाळीस बाया एकदम सांगायला लागल्या. कोणाकडे गव्हाबरोबर चण्याची डाळही मोजतात, कोणाकडे कणीक दुधात भिजवतात, कोणाकडे रोट पौर्णिमेच्या आत संपवतात, एकीने कानबाई म्हणून मांडायच्या नारळाला नथ कशी घालायची तेही सांगितलं. पंधरा मिनिटं गेली. शेवटी मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या, "किती सुंदर. आपली संस्कृती अशीच जपा." आणि पुढचा कागद उचलला.

घरी जाताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की रोज आरशासमोर उभं राहून आपलं वाक्य दहा वेळा म्हणायचं, भीती जाते. मी म्हटलं. खोटं कशाला बोलू. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून पदर सारखा करून म्हणायची, आबा, आमच्या दोन्ही मुलींची मूठ घ्या, त्याही याच घरच्या आहेत. आरशाची भीती गेली. आबांची तिथल्या तिथे होती.

रोटांच्या आदल्या दिवशी मोठी जळगावहून आली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "उद्या मूठ घेतली नाही तर मी रोट खाणार नाही. आणि पुढच्या वर्षापासून येणारही नाही. मोजत नसतील तर कमी पडल्याचंही कोणाला कळणार नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी रागावले असते आणि विषय संपला असता. धाकटी सातवीत आहे, ती बहिणीकडे बघत होती, मग माझ्याकडे.

सकाळी मी आमच्या कोठीतला गहू पाखडला आणि सव्वा सव्वा मूठ मोजून एका वाटीत घेतला. मुलींना आपापल्या हातानेच घ्यायला लावला. वाटी पदराखाली धरून आबांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले. धाकटी जाऊ खरंच माझ्या मागे उभी होती. अगदी मागे, भिंतीला.

आबांचा आकडा चालू होता. बाळ आता दीड वर्षाचं. त्याने मुठीतले दाणे तोंडात घातले, ते काढण्यात थोडा वेळ गेला. मग माझ्या नवऱ्याने मूठ टाकली. आबा म्हणाले, "तेरा." आणि सुपाला हात घातला.

मी म्हटलं, "आबा, थांबा."

आणि पुढचं वाक्य गेलं. वर्षभर म्हटलेलं, एक अक्षर आठवेना. मी नुसती वाटी पुढे केली.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. नवऱ्याला विचारलं, "काय म्हनस ती?"

नवरा म्हणाला, "गहू लयी उनी." गहू घेऊन आली म्हणे.

"ते माले दिसस. कसाले?"

नवऱ्याला सगळं माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. तो वाटीकडे असा बघत राहिला की जणू त्यात काय आहे ते त्यालाही आताच समजायचं आहे.

मीच म्हटलं, "पोरीस्ना शे. दोन मुठी."

आबा म्हणाले, "आसं कधी व्हयनं नही." चिडून नाही म्हणाले. पाऊस नाही असं सांगावं तसं म्हणाले. तेवढ्यात मधल्या दिरांना चेष्टा सुचली. "मंग मनी म्हैसनी बी मूठ ल्या. ती बी घरनीच शे."

सगळे हसले. माझा नवराही हसला. थोडासाच, पण हसला, आणि माझ्या मोठीने ते बघितलं. ती तुळशीजवळ उभी होती.

मधल्या दिरांचा आला नाही इतका राग मला नवऱ्याचा आला. मी म्हटलं, "मंग यास्नी मूठ बी काढी ल्या. आमना घरनी एक बी नको."

हे मी आरशासमोर कधी म्हटलेलं नव्हतं. कुठून आलं माहीत नाही. नवऱ्याचं हसू तिथेच थांबलं. आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. भाऊबंदकीतलं एक घर रोटातून बाहेर पडणं म्हणजे काय, ते त्या ओसरीवर लहान मुलालाही कळतं.

"टाकेल मूठ काढता येस का?" आबा म्हणाले. "बठ्ठा गहू एक व्हयी गया. तुना नवराना कोनता, मी वळखू कसा?"

मी म्हटलं, "मंग या दोन बी कोन वळखी?" आणि वाटी सुपात उपडी केली.

चार दाणे बाहेर सांडले. माझ्या धाकट्या मुलीने येऊन ते वेचले आणि सुपात टाकले. आबांनी सुपातला गहू हाताने सारखा केला. मग म्हणाले, "मी तेरा म्हनेल शे. तेराच म्हनसू." सूप उचलून त्यांनी गहू डब्यात ओतला आणि आत निघून गेले.

मोठी माझ्याजवळ आली. मला वाटलं आता ही काहीतरी चांगलं म्हणेल. म्हणाली, "मोजली का?"

मी म्हटलं, टाकली.

"टाकली ते बघितलं मी. मोजली का?"

खरं सांगते, तेव्हा त्या पोरीला एक द्यावीशी वाटली.

दळण आणायला दरवर्षी मी आणि धाकटी जाऊ जातो. डबा माझ्या डोक्यावर होता. शाळेच्या वळणावर तिने मला थांबवलं आणि पदराची गाठ सोडली. त्यात तिच्या मुलीच्या वाटचा गहू. "मनी पोरनी बी टाक," म्हणाली.

"तठे कसाले नही बोलनी?"

"तू बोलनी ना."

मी रस्त्यातच डबा खाली ठेवला. मला तिच्याशी खूप भांडायचं होतं. पण ती सव्वा मूठ तिने पहाटेपासून पदरात बांधून ठेवली असणार, गाठ घामाने ओली झाली होती. मी झाकण उघडलं.

त्या दिवशी गिरणीवाला गिरणी धुऊन ठेवतो आणि फक्त रोटांचंच दळतो. गावातल्या साऱ्या भाऊबंदक्यांचे डबे एकसारखे, म्हणून तो प्रत्येक डब्यावर खडूने आडनाव आणि मुठी लिहितो. आमचा नंबर आला. आडनाव त्याला माहीत होतं. "किती?" त्याने विचारलं.

धाकटी जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "सोळा."

"मांगला साल तेरा व्हत्यात ना?"

"औंदा सोळा शेत."

त्याने सोळा लिहिलं. त्याला काय, मागे रांग होती.

परत येऊन डबा आबांच्या ओसरीवर ठेवला. आबा खाटेवर बसले होते. त्यांनी आकडा वाचला. परत वाचला. "हाई कोनी सांगं?" मी उंबऱ्यातून म्हटलं, "मी." त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, मला वाटलं आकडा पुसतात. त्यांनी त्याने मान पुसली आणि रुमाल पुन्हा खांद्यावर टाकला.

संध्याकाळी देवीला नैवेद्य झाला आणि पानं मांडली. मोठीने डब्यावरचा आकडा बघितला होता. येऊन पानावर बसली. रोट खाल्ला, खीर खाल्ली, गंगाफळाच्या भाजीत मीठ जास्त आहे असंही सांगितलं. भाजी मीच केली होती.

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मला सुचलं की आबांना म्हणायला हवं होतं, देवी स्वतः बाई आहे, तिच्या घरात बायकांना मूठ का नाही. इतकं सोपं होतं. पण तेव्हा भांडीच समोर होती.

आता जो तो मला सांगतो की बरं झालं बोललीस. नवरा जिनिंगमध्ये सांगत असतो, "आम्ही आमच्याकडे मुलींची मूठ सुरू केली." आम्ही. धाकटी जाऊ विहिरीवर बायकांना सगळा प्रसंग सांगते. त्यात ती माझ्या शेजारी उभी असते.

मोठी परत जाताना एसटीच्या थांब्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी आबांनी स्वतःच्या तोंडाने सोळा म्हटलं पाहिजे."

मी म्हटलं, "मग तू सांग त्यांना. मी तुझ्या मागे आहे."

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. गाडी येत होती. मी तिची पिशवी उचलून दिली आणि सांगितलं, शेजारी उभी राहीन. पण या वेळी पहिला शब्द तुझा.