खडकधारचा बांध

पुण्याहून पहाटे निघालेली एस.टी. बीडच्या स्टँडवर टेकली, तोवर माझ्या कमरेचा आणि माधवच्या वर्तमानपत्रांचा एकदमच निकाल लागला होता. माधव म्हणजे माझा नवरा. वाचायला काहीतरी हातात द्या, तो कुठेही यायला तयार असतो. ठिकाण शोधायचं, पत्र पाठवायचं, बॅगा भरायच्या, हे सगळं माझ्याकडे.

ही सारी करणी एका जाहिरातीची होती. ‘जंगल लॉज. धबधब्याशेजारी. नैसर्गिक तरणतलाव. घरगुती शाकाहारी जेवण. खडकधार, जि. बीड.’ बीड जिल्ह्यात जंगल आहे, त्यात धबधबा आहे आणि वर पोहायचीही सोय आहे, यावर आमच्या बँकेत कुणाचाच विश्वास बसेना. ‘तिकडे प्यायला टँकर लागतो, आणि तुम्ही पोहायला निघालात?’ असं एकीने हसत हसत विचारलं. माझं जाणं खरं तर तिथेच पक्कं झालं. दसरा होऊन गेला होता, दिवाळीला अवकाश होता आणि रजा शिल्लक होती.

स्टँडवर लॉजचे मालक स्वतः जीप घेऊन आले होते. काशिनाथअप्पा. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. बीडच्या पेठेत त्यांचं पिढीजात कापडाचं दुकान. ते धाकट्या भावाच्या हवाली करून ते बायकोसह डोंगरात येऊन राहिले होते.

“आता समदं खुलं झालंय ताई,” जीप चालवता चालवता ते म्हणाले. “टीव्हीवर बगा, कुठकुठची चॅनलं येतात. लोकं आता घरात बसणार न्हाईत, फिरणार. तवा आपल्याकडं बी यावं की त्यांनी.”

वाटेत कपिलधारला थांबलो. तिथल्या धारेखाली हात-तोंड धुतलं, देवळात गेलो. अप्पा तिथल्या लिंगायत संताच्या समाधीपुढे बराच वेळ उभे होते. पुढे डांबरी रस्ता संपला आणि जीपने आमची हाडं मोजायला घेतली. दोन्ही बाजूंना सीताफळीची झुडपं, फळांना डोळे फुटलेले. जंगल म्हणावं असं दाट काही नव्हतं. खुरटी झाडं, काळा खडक आणि उंच गवत. मी माधवकडे पाहिलं, तर तो अप्पांच्या जीपमध्ये सापडलेलं जुनं मासिक वाचत होता.

धबधबा मात्र खरा निघाला. डोंगराचा कडा अर्धगोल कापलेला, त्यावरून पाण्याचा पांढरा पट्टा सरळ खाली येतो. खाली, ओढा जिथे अरुंद होतो तिथे अप्पांनी दगड-मातीचा बांध घातला होता. त्याच्यामागे साठलेलं गळाभर पाणी, तोच जाहिरातीतला तरणतलाव. गेले दोन उन्हाळे ते त्यासाठी दगड वाहत होते. बाजूला पत्र्याच्या तीन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि अंगणात जास्वंद. पाणी चांगलं गार होतं. मी पोहले आणि बँकेतल्या त्या बाईची मनसोक्त आठवण काढली.

जेवायला काकूंनी, म्हणजे अप्पांच्या पत्नीने, येसराची आमटी (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ लावून केलेली) आणि ज्वारीची भाकरी वाढली. भाकरी तव्यावरून थेट ताटात. मी तीन खाल्ल्या. काकू मितभाषी, पण हात सढळ. अप्पांचं जेवण उरकल्यावर त्या त्यांच्याच ताटात बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी येईना. तळ्यातून टाकीकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पाला अडकला होता. अप्पा स्वतःच पाण्यात उतरले, बुड्या मारून पाला काढला आणि वर येऊन अंग पुसता पुसता एकदम थबकले. हात गळ्याशी गेला. गळ्यात दोरा नव्हता.

अप्पा लिंगायत. जन्मल्यावर बांधलेलं इष्टलिंग चांदीच्या डबीत घालून ते कायम अंगावर वागवत होते. रोज आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि ती झाल्याखेरीज अन्नच काय, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. आता लिंगच तळ्यात गेलं होतं. म्हणजे ते सापडेपर्यंत अप्पांच्या तोंडात काही जाणार नव्हतं.

दिवसभर शोध चालला. शेजारच्या वस्तीवरचे दोन गडी आले, मीही उतरले. अप्पांनी एकच गोष्ट बजावली होती, “सापडलं तर हाक मारा. हात लावू नका.” एकाचं इष्टलिंग दुसऱ्याने हाताळायचं नसतं. तळाचा गाळ चाचपायचा, पण सापडलं तर उचलायचं नाही, असा तो अवघड शोध होता. पाय पडला की गाळ उठायचा आणि पाणी चहासारखं व्हायचं.

माधवने विचारलं, “अप्पा, मठातून दुसरं मिळत नाही का?”

“मिळतं की. स्वामी देतात. पण हितंच पाण्यात हाय हे ठावं असताना दुसरं कसं घेऊ, साहेब?”

“मग बांध फोडून पाणी काढून टाकू.”

यावर अप्पांनी बांधाकडे पाहिलं. दिवाळीत तिन्ही खोल्यांना माणसं येणार होती, आणि ती तळ्यासाठी येणार होती. पाऊस सरलेला. बांध पुन्हा रचेपर्यंत धारही आटली असती, आणि तळं भरायला पुढचा पावसाळाच उजाडला असता. “उद्याच्याला गाळ बसंल,” ते म्हणाले. “मग दिसंल.” उपास सोडायचा नाही आणि बांधही फोडायचा नाही, असा त्यांचा हिशोब दिसत होता. साठीच्या माणसाचे ओठ संध्याकाळपर्यंत पांढरे पडले होते. मला भीती वाटू लागली होती.

सकाळी मी चहा मागायला स्वयंपाकघरात गेले. काकू आमच्यासाठी भाकरी थापत होत्या. त्यांचे ओठ सुकलेले होते, एक भाकरी परातीतच फाटली.

“काकू, तुम्ही काल जेवलात ना?”

“ते जेवल्याबिगर मी कशी जेवू?”

“पाणी तरी?”

त्यांनी भाकरी गोळा करून पुन्हा मळायला घेतली. “तुमी त्यांना बोलू नका, ताई. आदीच त्यांच्या जिवाला घोर हाय.”

कालपासून आम्ही सगळे अप्पांभोवती हळहळत होतो, आणि ही बाई दोन वेळा आम्हाला वाढून, भांडी घासून कोरड्या घशाने निजली होती. मला राग आला. काकूंचा, अप्पांचा, कोणाकोणाचा ते सांगता येणार नाही. मी तशीच बांधावर गेले. अप्पा तिथे बसून पाण्यात बघत होते.

“अप्पा, काकूंनी कालपासून पाणी घेतलेलं नाही.”

त्यांनी मान वळवली. “पाणी बी न्हाई?”

“नाही.”

“मग मला कावून बोलली न्हाई?”

“तुम्ही विचारलंत का?”

जरा जास्तच बोलले असेन. पण अप्पा रागावले नाहीत. उठले, जीपमागे टेकवलेली पहार आणली आणि बांधाच्या मधल्या दगडाखाली घातली.

आवाज ऐकून काकू पिठाच्या हातांनीच धावत आल्या. “अवो, काय करता? दिवाळीची लोकं यायचीत की.”

“येऊ दे. धबधबा हाय की त्यांना.”

गडी मदतीला आले. पहिला दगड बराच वेळ हलला नाही. तो निघाल्यावर मात्र पाण्याने पुढचं काम स्वतःच केलं. दोन उन्हाळ्यांची मेहनत ओढ्यातून गडगडत खाली गेली. अप्पांनी तिकडे पाहिलंही नाही. तळ उघडा पडू लागला, कुजका पाला, खेकडे, कुणाची तरी चप्पल. आम्ही सगळे ओणवे होऊन गाळ निरखत पुढे सरकू लागलो.

“अप्पा.”

माधव एका पायावर उभा होता. दुसरा पाय उचललेला, तो त्याने तसाच वर धरला होता. खाली बोटभर पाण्यात डबीची कड चमकत होती. अप्पा पोहोचेपर्यंत या माणसाने पाय टेकला नाही. हा माझा नवरा, जो घरात स्वतःची चप्पल शोधत नाही.

अप्पांनी डबी उचलली, धारेखाली धुतली, कपाळाला लावली. आंघोळ करून तिथेच खडकावर बसून पूजा केली. काकू तांब्या घेऊन उभ्या होत्या. पूजा झाल्यावर त्यांनी तो पुढे केला. अप्पांनी तो घेतला आणि काकूंच्याच समोर धरला.

“घे.”

“तुमी आदी.”

“मी तुला घे म्हणलं.”

काकूंनी आमच्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवून तांब्या तोंडाला लावला. खूप वेळ प्यायल्या. अप्पा त्यांचं होईपर्यंत थांबले, मग उरलेलं पाणी प्यायले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

परत निघायच्या सकाळी मी निरोप घ्यायला स्वयंपाकघरात गेले. अप्पांची पूजा चालू होती, बाहेर घंटा वाजत होती. काकू भिंतीकडे तोंड करून पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात ताटली, ताटलीत धपाटं आणि दही. मला पाहून अर्ध्या उठल्या.

“बसा हो,” मी म्हटलं.

“त्यांनीच बसवलं,” त्या ओशाळून म्हणाल्या. “म्हणले, तुजी पूजा झाली न्हवं, मग माझ्यासाठी थांबू नको.”

“मग बरं झालं की.”

“कशाचं बरं? घास उतरंना बगा. सवय न्हाई.”

पुण्यात आल्यावर बँकेत सगळ्यांनी विचारलं, तरणतलाव कसा होता. मी सांगितलं, होता तो मालकानेच फोडला, तरीही जा. जेवण फार चांगलं मिळतं. त्यांना काही ते पटलेलं दिसलं नाही, आणि मीही फार समजावत बसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे, आम्हाला सोडायला आलेल्या गड्याने जीप सुरू केली तेव्हा दिसलेलं स्वयंपाकघराचं दार होतं. बाहेर घंटा अजून वाजत होती, आणि आत काकू दुसरं धपाटं वाढून घेत होत्या.