चंद्रकळेची पहिली कॅसेट

"ताई, आवाज आधी घेऊ, नंतर माझा मूड राहणार नाही," असं माझा धाकटा भाऊ मिलिंद चौदा वर्षांपूर्वी नाशिकमध्ये गाणं रेकॉर्ड करताना म्हणाला होता. आम्ही त्याचं ऐकलं. त्यापायीच मी गेल्या आठवड्यात पुण्याहून नाशिकला जाऊन आले.

कुणाला जायचं असेल तर आधी रस्त्याचं सांगते. शिवाजीनगर स्टँडवरून पहाटेची एसटी धरा, उशीर केलात तर चाकण पार करण्यातच जीव जातो. नारायणगावला चहा घ्या, वडा नको. संगमनेरला गाडी खच्चून भरली.

"मागं सरका, मागं लय जागा हे!" कंडक्टर ओरडला.

"मग तुम्हीच या ना मागं," मांडीवर पिशवी घेतलेल्या बाई म्हणाल्या. गाडीभर हसू फुटलं.

नाशिकला सीबीएस स्टँडजवळ लॉज स्वस्त आणि बरे आहेत, फक्त खोली मागच्या बाजूची मागा. सामान टाकून मी पंचवटीत गेले. तिथे लग्नातल्या एका बँडवाल्याच्या गोदामात आमचा सराव चालायचा. आमच्या बँडचं नाव 'चंद्रकळा'. मिलिंद गायचा, त्याचा मित्र शिरीष गिटार वाजवायचा, मी कॅसिओ, आणि वरात नसेल तेव्हा बँडवाल्यांपैकी कुणीतरी ड्रम. परदेशातून आलेल्या कॅसेटी ऐकून आम्हाला वेड लागलं होतं. चमकी लावलेले, काजळ घातलेले पुरुष, खोल आवाज, काळोखातून चालल्यासारखी बास गिटार. तिकडे ते सगळं केव्हाच जुनं झालं होतं, आमच्यापर्यंत तेव्हा पोचलं. बँडवाल्याचे टाकून दिलेले जरीचे लाल कोट आम्ही बादलीत काळे रंगवले. घाम आला की मान काळी व्हायची. कॉलेजच्या गॅदरिंगला मागून कुणीतरी ओरडलं, "नवरी पळाली का रे?" मिलिंद माइकवरून म्हणाला, "पळाली, तुला बघून!"

गोदामाच्या जागी आता मोबाइलची दुकानं आहेत. मी एका दुकानात रिचार्ज केलं आणि निघाले.

स्टुडिओ आम्हाला परवडणारा नव्हता. म्हणून दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचो. एकावर आधीचं वाजवायचं, त्याच्यासोबत पुढचं वाद्य वाजवायचं आणि सगळं मिळून दुसऱ्यावर उतरवायचं. असं पाच वेळा. दर वेळी आधीचं थोडं बुडतं आणि खरखर वाढते. म्हणून आवाज शेवटी घ्यायचा असतो. आम्ही तो सगळ्यात आधी घेतला. पाचव्या फेरीनंतर मिलिंद विहिरीच्या तळातून गातोय असं वाटत होतं, आणि आम्ही त्यावर खूश झालो. थडग्यातून आल्यासारखा आवाज, आम्हाला हवा तसाच! ती चूक आम्ही शैली म्हणून मिरवली.

गेल्या पावसाळ्यात मिलिंद काविळीनं गेला. त्याचा दुसरा कुठलाच आवाज माझ्याकडे नाही. ती शेवटच्या फेरीची कॅसेट लावते तेव्हा माझा कॅसिओ स्वच्छ ऐकू येतो, भाऊ येत नाही. पण पहिल्या फेरीची कॅसेट, नुसता त्याचा गळा आणि एक गिटार, शिरीषकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाल्ली (भद्रकालीच्या बाजूला, पापड मागून घ्या, तर्री जपून) आणि सिडकोत शिरीषच्या घरी गेले. तो आता मांडवाला स्पीकर भाड्यानं देतो. केस गेलेत, हात तेच. मी विचारायच्या आधीच त्यानं कपाटातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कॅसेट काढून माझ्या हातात दिली. मी ती खिडकीशी धरली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती.

"दुरुस्तीवाला म्हणतो, लावली तर एकदा वाजेल, नाहीतर तुटेल," शिरीष म्हणाला.

"मग एकदा लाव."

"नाही ताई."

"मी पुण्याला नेते. तिथे दुरुस्त करतात."

"देणार नाही. राग धर, काही कर."

त्याची बायको वैशाली चहा घेऊन आली. "मी कधीपासून सांगतेय, सीडी करून घ्या. वर्षश्राद्धाला मिलिंदभाऊजींचा आवाज लावू म्हटलं, तर हे दोन दिवस जेवले नाहीत."

"तू गप गं," शिरीष म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "आवाज शेवटी घ्यायचा असतो हे मला माहीत होतं, ताई. त्याला नाही म्हणायचं जिवावर आलं. आता ही पण माझ्याच हातून तुटली तर?"

मी कॅसेट परत दिली. वैशालीनं डब्यात चिवडा भरून दिला. परतीच्या गाडीत सिन्नरपासून खिडकी मिळाली, पण बाहेर काय होतं ते आठवत नाही.

घरी येऊन आठ दिवस झाले. प्रवासानं मन हलकं होतं असं मी या प्रवासाच्या सदरात बऱ्याचदा लिहिलंय. या वेळी तसं झालं नाही. आधी वाटायचं, कॅसेट मिळाली तर तो मिळेल. आता ती कुठल्या कपाटात आहे ते माहीत आहे, आणि तिच्यावर रोज थोडी बुरशी चढते आहे, हेही.

शिरीष, वैशाली तुला हे वाचून दाखवेल. त्या कॅसेटवर दुसऱ्या कडव्याआधी मिलिंद हसला होता असं मला वाटतं, पण ते खरं की मीच रचलंय, कळत नाही. कॅसेट मला देऊ नकोस. मला बोलावूही नकोस. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे, तरी मागते. एकदा, एकटा बसून लाव, आणि तो हसला का, एवढं मला फोनवर सांग.