दोन यंत्रांचा एक डाव

दुसऱ्याच्या डावात तोंड घालणं हा गुन्हा असता, तर आमच्या मामाजींचं निम्मं आयुष्य भंडाऱ्याच्या तुरुंगात गेलं असतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. मोहाडीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण मन सगळं बुद्धिबळात. तेही स्वतः खेळण्यात नाही, दुसऱ्यांना खेळवण्यात. आठवडी बाजारात कोणी पट मांडून बसलेलं दिसलं, की लुगड्याचं माप अर्धवट टाकून ते तिकडे जात. गिऱ्हाईक बाई दुकानात ताटकळे आणि इकडे मामाजी म्हणत, "उंट काहून अडकवून ठेवला? काढ तो." मग खेळणारे दोघेही त्यांच्यावर चिडत. मला पाहायला आले, तेव्हा माझे वडील शेजाऱ्याशी टाकलेला डाव तसाच ठेवून उठले होते. मामाजींनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. पटाकडे बघत ते वडिलांना म्हणाले, "घोडा समोर घ्या, दोन चालीत याचा हत्ती पडते." शेजारी रागानं निघून गेला, तो थेट लग्नातच आला. हळूहळू मोहाडीत असं झालं, की मामाजी दिसले की लोक पट गुंडाळून खिशात घालत.

सत्तरच्या दशकात कधीतरी त्यांनी पेपरात वाचलं, की परदेशात कॉम्प्युटरच्या आपसात स्पर्धा होतात. दोन्हीकडे यंत्रंच खेळतात, माणसं फक्त सोंगट्या हलवायला बसतात. मामाजी ती बातमी कित्येक दिवस सगळ्यांना सांगत होते. "मशीनले राग येत नाही बाई," ते मला म्हणाले, "त्याइच्या बाजूले बसून मानूस दिवसभर बोलू शकते." नागपूरहून कोणीही आलं, की "कॉम्प्युटर दिसला का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे.

तो दिसायला दहाएक वर्षं लागली. माझा धाकटा भाऊ नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता. त्यानं बुद्धिबळाचा एक प्रोग्राम लिहिला होता. जबलपूरच्या एका प्राध्यापकांनीही लिहिला होता. दोघांची गाठ भंडाऱ्याच्या एका विज्ञान प्रदर्शनात घालायचं ठरलं. टीव्हीला जोडलेली दोन यंत्रं समोरासमोर ठेवली, मध्ये पट. यंत्रं एकमेकांशी बोलू शकत नव्हती, म्हणून प्रत्येकाजवळ एक माणूस हवा होता. आपल्या यंत्रानं सांगितलेली चाल त्यानं पटावर करायची आणि समोरची चाल बटणं दाबून आपल्या यंत्राला कळवायची. भावानं हे काम मामाजींना दिलं. कापडाच्या थानांवरच्या छापांमुळे इंग्रजी अक्षरं आणि आकडे त्यांच्या ओळखीचे होते. "पण मामाजी," भावानं बजावलं, "ते सांगेल तेच खेळायचं. एक चाल जरी तुमच्या मनानं केली, तर आपण बाद."

मी त्यांच्या मागेच बसले होते. यंत्र विचारात पडलं की पडदा बराच वेळ तसाच राही. तेवढा वेळ मामाजी श्वास रोखून बसत. कोणी खोकलं, तर वळून हळूच सांगत, "विचार करून राहिलं ते." जन्मभर ज्यांनी कोणाला शांतपणे खेळू दिलं नाही, ते मामाजी सभागृहाला गप्प करत होते.

डाव रंगला आणि समोरचा एक हत्ती आयता मारायला मिळाला. तो माझ्यासारख्या अडाणी बाईलाही दिसत होता. पण पडद्यावर आलं भलतंच. यंत्र आपला वजीर थेट समोरच्या राजाला चिकटवायला सांगत होतं. मामाजींनी ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली. त्यांचा हात हत्ती मारायला निघाला, अर्ध्यात थांबला. मग त्यांनी वजीर उचलला आणि सांगितल्या घरात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. राजानं वजीर मारला, त्याला दुसरं घरच नव्हतं. पुढच्याच चालीला आमच्या हत्तीनं मात दिली.

लोक टाळ्या वाजवत होते. मामाजींनी टोपी काढली आणि यंत्राला हात जोडले. "मले नसतं सुचलं बाई," ते म्हणाले. "मी वजीर देलाच नसता."

आवराआवर सुरू झाली, तेव्हा त्यांनी भावाला विचारलं, "त्या दुसऱ्याले समजलं का, आपन हरलो म्हून?"

"नाही मामाजी. बंद केलं की डाव पुसला जातो."

"आन जिंकनाऱ्याले?"

"त्यालाही काही आठवत नाही."

जबलपूरचं यंत्र खोक्यात भरून जीपमध्ये ठेवलं, ती जीप निघेपर्यंत मामाजी दारात उभे होते. मोहाडीच्या बसमध्ये आम्ही बसलो. मग मामाजी म्हणाले, "एवढा मोठा डाव. आन ध्यानात ठेवनारं कोनीच नाही."

त्यानंतर दुकान बंद करून आले, की ते ओसरीत पट मांडत आणि तोच डाव पहिल्या चालीपासून दोन्ही बाजूंनी खेळत. मी समोर तांदूळ निवडत बसे. पुढे वयानं त्यांची आठवण विरत गेली, नातवाला ते मुलाच्या नावानं हाक मारू लागले. डाव मात्र बिनचूक येत असे. एका संध्याकाळी घोडा हातात धरून ते थांबले.

"बाई, याले कोठी ठेवलं होतं?"

मला बुद्धिबळ कधीच खेळता आलं नाही. पण रोज पाहून पाहून तो डाव मलाही पाठ झाला होता. मी घर दाखवलं. त्यांनी घोडा तिथं ठेवला आणि पुढच्या चालीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी तीही सांगितली.