पुढची रिकामी बाकं

आखातातल्या अहमदी गावी, तेल कंपनीच्या बसमध्ये एकजण रोज माझ्याबरोबर चढायचा. बोली रत्नागिरीकडची, पण कुठल्या खात्यात आहे असं विचारलं की नुसती टोपी झटकायचा. मला तो कंपनीचा खबऱ्याच वाटे.

बसची पुढची बाकं गोऱ्या साहेबांची. साहेब आपापल्या मोटारीनं जायचे, तरी आम्ही मागं दाटीनं उभे.

एकदा रेडिओवर बातमी आली. अमेरिकेत कोर्टानं काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसायचा हक्क दिला होता. गावातले गोरे आडवे आले, तेव्हा सरकारनं सैन्य पाठवून मुलांना आत नेलं.

दुसऱ्या दिवशी हा सरळ पुढच्या बाकावर जाऊन बसला. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि गाडी सुरू केली.

"या भाई, बसा," त्यानं शेजारची जागा टोपीनं पुसली.

"साहेबांनी पाठवलंय ना तुम्हाला, आमची परीक्षा बघायला?" मी शेजारी टेकत हळूच विचारलं.

तो हसला. "तिथं पोरांना आत न्यायला पलटण लागली. इथं आपल्याला मागं ठेवायला एक शिपाईसुद्धा लागत नाही."

कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मी मागं वळून पाहिलं. मी रोज त्याच्याकडे बघायचो, तसेच सगळे आता माझ्याकडे बघत होते.